आनंदाभाऊंची स्वतंत्र चाल

"मी संगीतकार आहे," असं आनंदाभाऊ सोनवण्यांनी भर मीटिंगमध्ये उभं राहून जाहीर केलं, तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांचं त्यांनाच वाटलं.

तोवर शिवदर्शन सोसायटीत ते 'पेटीवाले' म्हणूनच ओळखले जात. सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात त्यांची बऱ्यापैकी नोकरी होती, दारात स्कूटर होती, मुलगी मयुरी कॉलेजात होती, आणि गुरुवारच्या भजनात पेटी त्यांचीच असे. पण वाजवायच्या त्या दुसऱ्यांनी लावलेल्या चाली. दुसऱ्याच्या चाली वाजवणारा माणूस म्हणजे दुसऱ्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर, असं अलीकडे त्यांना फार वाटू लागलं होतं. ते कुणाला बोलून दाखवत नव्हते, एवढंच.

मीटिंग कानबाईच्या मिरवणुकीची होती. श्रावणात खान्देशातल्या घराघरात कानबाई देवी बसते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत पाण्यावर जाते. खान्देशातली माणसं कामधंद्यासाठी सुरतेला आली तेव्हा कानबाईही त्यांच्याबरोबर आली आणि इथलीच झाली. सोसायटीचे अध्यक्ष बन्सीलाल, म्हणजे सगळ्यांचे बन्सीआप्पा, यांनी प्रस्ताव मांडला, की यंदा कतारगामहून डीजे आणावा.

"बाजूच्या सोसायटीनं गेल्या साली आणला होता," आप्पा म्हणाले. "आपल्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या!"

काचा थरथरणं हा आप्पांच्या दृष्टीनं संगीताचा शेवटचा निकष होता.

तेव्हा आनंदाभाऊ उठले. "आपल्या कानबाईसमोर सिनेमातली गाणी? मी नवी चाल बांधतो. एकदम स्वतंत्र. मी संगीतकार आहे."

लगेच मागच्या रांगेतून त्यांच्या पत्नी, छायाताई, म्हणाल्या, "गाणं माझ्याकडे आहे."

आता मात्र आश्चर्यानं बसायची पाळी आनंदाभाऊंची होती. इतक्या वर्षांच्या संसारात बायको गाणी लिहिते हे त्यांना ठाऊक नव्हतं. छायाताईंनी उभं राहून अहिराणीत दोन ओळी म्हणून दाखवल्या:

"ये वं माय कानबाई, ये मना घर वं,
सुरतनी वाट तुले सापडनी कशी वं?"

आणि पुढचा अंतरा:

"तठे बी तापी माय, आठे बी तापी..."

तिथेही तापी, इथेही तापी. खान्देशातून निघालेली नदी इथंच समुद्राला मिळते, हे त्या मीटिंगमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण असं कुणी म्हटलं नव्हतं. सोसायटीतल्या बायकांच्या गाण्यांचा सगळा कारभार ज्यांच्या हाती, त्या सुंदराबाईंनी पदर डोळ्याला लावला. आप्पांचाही नाइलाज झाला.

"ठीक आहे. कानबाईच्या आधीच्या गुरुवारी चाल ऐकवा. पसंत पडली तर पडली, नाहीतर डीजेवाल्याला होकार कळवतो."

त्या संध्याकाळी आनंदाभाऊ पेटी घेऊन बसले. दार लावून घेतलं. पंखा बंद केला, कारण पंख्याच्या आवाजात प्रतिभा विचलित होते. घामाघूम झाल्यावर एक सुंदर चाल सुचली.

"ही गणपतीची आरती," आतून छायाताई म्हणाल्या.

दुसरी सुचली. "ही साबणाची जाहिरात."

तिसरीच्या वेळी मयुरीच ओरडली, "पप्पा, ए तो मारी रिंगटोन छे!"

मयुरीचा जन्म सुरतेतला. ती घरात तीन भाषा एकाच वाक्यात बोलायची. तिनं मोबाइलवर एक ॲप उघडलं, आईच्या ओळी घातल्या, बटण दाबलं, आणि पापणी लवायच्या आत मोबाइल गाऊ लागला. कानबाई एखाद्या बिस्किटाच्या पुड्यातून बाहेर यावी तशी ती चाल होती.

"हे बंद कर," आनंदाभाऊ म्हणाले. "मशीनला प्रेरणा कुठून येणार?"

"मग तुम्हाला कुठून येणारे?" मयुरीनं विचारलं. पोरीचा हेतू वाईट नव्हता, पण प्रश्न बापाच्या वर्मी लागला.

मोठमोठ्या संगीतकारांच्या मुलाखती त्यांनी ऐकल्या होत्या. कुणाला समुद्राच्या लाटांत चाल सापडते, कुणाला पाखरांच्या किलबिलाटात. पांडेसऱ्यात बसून त्यांना फक्त मिलांचे भोंगे सापडत होते. दोष प्रतिभेचा नव्हता, पत्त्याचा होता. हे ठरल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं.

शेजारच्या मगनभाईंना मात्र हे पटलं नाही. मगनभाई अस्सल सुरती, हिऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत जेवणापाशी येऊन थांबायचं. "आनंदभाई, सूर पेटमांथी आवे," ते पोटावर हात फिरवत म्हणाले. "भूख्यो माणस शुं गावानो? डुमस चला. दरियो पण आणि भजियां पण."

म्हणून रविवारी स्कूटरवर पुढे आनंदाभाऊ, मागे मगनभाई, आणि दोघांच्या मध्ये पेटी, अशी स्वारी डुमसच्या किनाऱ्याकडे निघाली.

समुद्र त्या वेळी घरी नव्हता. ओहोटी लागून तो इतका मागे गेला होता, की लाटा ऐकायला दुर्बिणीची गरज होती. अलीकडे नुसता काळा चिखल. तरी आनंदाभाऊंनी कोरड्या वाळूवर चादर अंथरली, पेटी उघडली, डोळे मिटले आणि लांब सूर धरला. एक उंटवाला येऊन म्हणाला, "काका, जरा उधर बैठो, मेरा ऊंट घबराता है." ते उधर बसले. पुन्हा डोळे मिटले. या वेळी मात्र काहीतरी आतून हलल्यासारखं वाटलं. समाधी म्हणतात ती हीच असावी, असं मनात येतंय तोच काहीतरी खुळखुळलं. डोळे उघडून पाहतात तो चादरीवर नाणी पडलेली, वर एक दहाची नोट, आणि एक सहृदय कुटुंब हात जोडून पुढे निघालेलं.

"अहो! मी नोकरीला आहे!" आनंदाभाऊ त्यांच्यामागे धावले. नोट परत करायला गेलेल्या माणसाकडे पाहून त्या कुटुंबातल्या बाईंनी पर्स पुन्हा उघडली, तेव्हा ते थांबले.

"लई ल्यो ने," मगनभाई नाणी गोळा करत समजुतीनं म्हणाले. "भजियाना थई जशे."

निघताना आनंदाभाऊंनी पेटी वाजवून पाहिली. अपमान एकवेळ गिळता आला असता, पण पेटीच्या भात्यात वाळू गेली होती आणि एक काळी पट्टी दाबली की वर यायलाच तयार नव्हती. घरी आल्यावर ती तशीच रडत राहिली. छायाताईंनी पेटी उलटी करून झटकली, भजी कुठं आहेत ते विचारलं, आणि बाकी काही विचारलं नाही.

समुद्र झाला, आता पाखरं. महापालिकेच्या बागेत पहाटे पाखरं पुष्कळ असतात, अशी माहिती सुंदराबाईंनी दिली. पण दारातच वॉचमननं पेटीवर काठी ठेवली. "वाजिंत्र लइने नइ जवाय. परवानगी लावो."

परवानगीच्या कचेरीत आनंदाभाऊ मिलमधून अर्धी रजा टाकून गेले. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज पुढे सरकवला. त्यात लग्न होतं, वाढदिवस होता, योग, फोटोग्राफी, हास्य क्लब होता.

"कारण शुं लखुं?" साहेबांनी विचारलं.

"प्रेरणा घ्यायची आहे."

"कोनी पासेथी?"

"निसर्गाकडून."

साहेबांनी चष्मा वर केला. "केटला माणस आवशे?"

"मी एकटाच. आणि निसर्ग."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण चावत राहिले. प्रेरणेचा रकाना नसताना माणसाला परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं असावं, कारण साहेब मनानं भले होते. शेवटी त्यांनी उपलब्ध रकान्यांत त्यातल्या त्यात जवळचा शोधला आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर आनंदाभाऊंनी वाचलं: हास्य क्लब.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते लिंबाखाली पेटी मांडून बसले. एक कोकीळ खरोखरच बोलत होती. आनंदाभाऊंनी तिचा सूर पेटीवर शोधला, सापडला, आणि दुसरा सूर शोधणार इतक्यात टोप्या घातलेल्या वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिकांनी त्यांना घेरलं. "आवी गया, आवी गया! क्लब तरफथी वाजावाळा आवी गया!" आनंदाभाऊंनी खुलासा करायला तोंड उघडलं आणि समोरून एकमुखानं उत्तर आलं, "हा हा हा! हो हो हो!" परवानगीवर काय लिहिलंय हे वॉचमनला माहीत होतं. तो लांबून बारीक नजर ठेवून होता. नाइलाजानं आनंदाभाऊ हसण्याला ठेका धरून पेटी वाजवत राहिले. कोकीळ केव्हाच उडून गेली. जाताना आजोबा लोकांनी त्यांचे हात हातात घेऊन सांगितलं, की इतकं मोकळं हसू पूर्वी कधी आलं नव्हतं, उद्याही या.

गुरुवार जवळ आला. जिन्यात भेटेल तो "काय, झाली का चाल?" असं विचारायचा. बन्सीआप्पा तर काहीच न विचारता नुसते हसायचे, ते जास्त लागायचं. आनंदाभाऊ मागच्या जिन्यानं ये-जा करू लागले.

आणि मग एका सकाळी, समुद्र नाही, पाखरं नाहीत, बेसिनसमोर गालाला फेस लावून ते उभे असताना, चाल आली. आली म्हणजे तयारच आली. मुखडा सबंध, ठेक्यासकट. छायाताईंचे शब्द तिच्यात असे बसले, की जणू मापं घेऊन शिवलेले. अर्धा गाल तसाच ठेवून ते पेटीकडे पळाले.

"सुचली!" ते ओरडले. "आतून! थेट आतून!"

छायाताईंनी पोळी तव्यावर सोडून ऐकलं. "चांगली आहे," त्या म्हणाल्या. "कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते."

"चांगली चाल अशीच असते," आनंदाभाऊ ऐटीत म्हणाले. "जन्मोजन्मीची ओळख असल्यासारखी."

अंतरा मात्र असा फुकट मिळाला नाही. 'तठे बी तापी' या ओळीवर ते दोन दिवस झुंजले. मिलमध्ये हिशेब लिहिताना, स्कूटरवर सिग्नलला थांबलेले असताना, जेवताना. 'माय' या शब्दावर सूर चढवून पाहिला, उतरवून पाहिला, मोडून पुन्हा जोडला. छायाताई नको म्हणतील तो सूर टाकून दिला. अखेर बुधवारी ती ओळ अशी लागली, की छायाताई हातातलं काम टाकून तीच ओळ गुणगुणत आत गेल्या. आनंदाभाऊंना कळलं, की आपण संगीतकार झालो.

गुरुवारी संध्याकाळी कॉमन प्लॉटचं पटांगण भरलं होतं. मयुरीनं माईक लावला. आनंदाभाऊंनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. आधी त्यांनी थोडं प्रास्ताविक केलं. प्रेरणा म्हणजे काय, ती बाहेर शोधून सापडत नाही, मी समुद्रापर्यंत जाऊन आलो, शेवटी ती कलावंताच्या अंतःकरणातूनच उगवते, वगैरे. मागे मगनभाईंनी "अने पेटमांथी" अशी भर घातली. मग भात्यावर हात पडला आणि मुखड्याचे सूर माईकमधून सोसायटीभर गेले.

वरच्या मजल्यावर धाडकन दार उघडलं. "गाडी आली का? या वेळेला?" आनंदाभाऊंची शेजारीण हर्षदा हिचा आवाज आला. ती धुण्यात गुंतल्यामुळे खाली आली नव्हती. पाठोपाठ ती ओल्या कचऱ्याची बादली घेऊन जिना उतरताना दिसली. समोरच्या लायनीतली आणखी दोन दारं उघडली. दोन डबे बाहेर आले. सोसायटीचा कुत्रा, जो रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीला फाटकापर्यंत सोडायला जातो, तो भुंकत फाटकाकडे धावला.

क्षणभर कुणालाच काही उमगलं नाही. मग सगळ्यांना एकदम उमगलं.

रोज सकाळी कचऱ्याची गाडी सोसायटीत यायची ती भोंग्यावर एक धून वाजवत, आनंदाभाऊंच्या दाढीच्या वेळेला. बेसिनची खिडकी रस्त्यावरच उघडायची. वर्षानुवर्षं ती धून त्या खिडकीतून आत येऊन, फेसासकट, त्यांच्या अंतःकरणात साठत होती. तिथून ती उगवली होती.

लोक हसता हसता खुर्च्यांवरून घसरले. हर्षदा बादली घेऊन मधोमध उभी, आणि तिला काय झालं ते कुणी सांगेना. आनंदाभाऊ बिचारे वाजवत राहिले, अंतऱ्यापर्यंत गेलेही, पण तो अंतरा स्वतः त्यांनाही त्या गदारोळात ऐकू आला नाही. बन्सीआप्पा डोळे पुसत म्हणाले, "भाऊ, चाल एकदम सोसायटीच्या उपयोगाची आहे. पण डीजेवाल्याला मी उद्या संध्याकाळी होकार कळवतो."

शुक्रवारी आनंदाभाऊ मिलमध्ये गेले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. कचऱ्याची गाडी आली तेव्हा त्यांनी उशी कानावर घेतली. छायाताई दिवसभर कामं आपटत होत्या.

"तू पण हस," शेवटी आनंदाभाऊ म्हणाले.

"मला हसू आलं नाही," छायाताई म्हणाल्या. "मला राग आलाय. माझी तापीची ओळ कुणी ऐकली नाही. तुम्ही लोळत पडा. मी जाते."

"कुठे?"

"बायका बसल्यात प्लॉटमध्ये."

आनंदाभाऊ पडदा सरकवून खिडकीआड उभे राहिले. खाली बायकांचं कोंडाळं बसलं होतं. छायाताईंनी सुंदराबाईंसमोर जाऊन विचारलं, "आक्का, हे गाणं आपण म्हणायचं का नाही?"

सुंदराबाईंनी तोंडातलं पान गालात सारलं. "का नही म्हननं? नवी चाल बायास्ले शिकाडता शिकाडता मना गळा बसस. ही त सगळास्ना डोकामा बठेलच शे!" नवी चाल शिकवताना दरवर्षी त्यांचा घसा बसायचा, ही सगळ्यांच्या डोक्यात आधीच बसलेली होती.

त्यांनी टाळी दिली. मुखडा सुरू झाला. आधी एक-दोघी फिदीफिदी हसल्या, पण चाल खरोखर अशी अंगात भिनलेली, की दुसऱ्या फेरीला सगळा प्लॉट डोलत होता. मग छायाताईंनी अंतरा उचलला.

"तठे बी तापी माय, आठे बी तापी..."

गाडीला अंतरा नसतो. ती तेवढाच तुकडा फिरवत राहते. ही ओळ कुणीच कधी ऐकलेली नव्हती. हर्षदाच्या हातातली टाळी हातातच राहिली. पडद्याआड आनंदाभाऊ खिडकीच्या चौकटीवर बोटांनी तीच ओळ वाजवू लागले.

ओळ संपली. मग सुंदराबाई संशयानं म्हणाल्या, "पण हाई 'माय' वर वढानं... हाई त मनं शे! मी मेथीवालाले हाक मारस ना, अश्शीच!" आणि त्यांनी तिथंच 'ओ भाऊ' म्हणून हाक मारून दाखवली. तंतोतंत तीच लकेर. बाहेर एक रिक्षा थांबली.

ओट्यावर बसलेले मगनभाई उठून आले. "ना ना, बेन. ए पछीनुं जे नीचे उतरे छे ने, ए तो मारी बा गाती हती. हुं आनंदभाईनी सामे गणगणुं छुं रोज." नंतरची ती उतरण त्यांच्या आईच्या गाण्यातली, आणि मगनभाई ती रोज आनंदाभाऊंसमोर गुणगुणायचे म्हणे.

"आणि मधला तो झटका?" हर्षदा म्हणाली. "तो माझ्या कुकरचा आहे. भिंतीला भिंत आहे आमची!"

आता मात्र आनंदाभाऊंना राहवेना. मुखडा गाडीचा, ठीक. पण अंतराही लोकांनी वाटून घ्यावा? ते तसेच बनियनवर खाली उतरले. "मी काय चोर आहे? दोन दिवस घाम गाळलाय! हा अंतरा माझ्या आतून आलाय!"

"आत म्हणजे कुठं हो?" छायाताई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून इथंच राहताय. तुमच्या आत हीच माणसं असणार. दुसरं कोण येणार तिथं?"

तेवढ्यात बन्सीआप्पा आले. हातात फोन, डीजेवाल्याचा नंबर काढलेला. गोंधळ कशाचा म्हणून ते थांबले, आणि बायकांनी त्यांना अख्खं गाणं ऐकवलं. आप्पा कान देऊन ऐकत होते. शेवटच्या वळणाला त्यांचा चेहरा बदलला.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

पुन्हा म्हटलं.

"अरे, हे तर मी!" आप्पा छातीवर हात ठेवून म्हणाले. "माईकवर मी सांगतो ना, 'उद्या सकाळी पाणी येणाऽऽर नाही'... तेच आहे हे!"

आणि तेच होतं. आनंदाभाऊंनी मनातल्या मनात ते म्हणून पाहिलं आणि मान खाली घातली. पण आप्पांची मान वर गेली होती. त्यांनी फोनकडे पाहिलं, फोन खिशात घातला आणि जाहीर केलं, "डीजे कॅन्सल. आपलं गाणं असताना बाहेरचं कशाला?"

सोमवारी मिरवणूक निघाली. टेम्पोत सजवलेली कानबाई, पुढे ढोल, मागे बायका, आणि टेम्पोच्या फळीवर गळ्यात पट्टा अडकवून पेटी घेतलेले आनंदाभाऊ. त्यांच्या काळ्या पट्टीतली वाळू मयुरीनं ब्रशनं काढून दिली होती. बारीक सर पडत होती. मुख्य रस्त्यावर बाजूच्या सोसायटीची मिरवणूक आडवी आली. तिच्यापुढे भिंतीएवढा डीजे. दोन मिरवणुका अडकल्या, पोलिसानं हात केला, डीजेवाल्याला आवाज थांबवावा लागला. तेवढ्या फटीत सुंदराबाईंनी मुखडा उचलला.

बाजूच्या सोसायटीत कचऱ्याची गाडी तीच जाते. त्यांच्या बायका आधी चमकल्या, मग हसल्या, आणि मग गाऊ लागल्या. बघता बघता सबंध रस्ता गात होता. दुकानाच्या पायऱ्यांवरची माणसं, बसच्या खिडकीतली माणसं. कुणाला शिकवावं लागलं नाही. आणि अंतऱ्याला सगळे थांबले, कारण तो फक्त शिवदर्शनच्या बायकांना येत होता. भर चौकात, थांबलेल्या बसांच्या मध्ये, 'आठे बी तापी' एकटीच उभी राहिली. डीजेवाल्यानं टोपी काढली.

पलीकडच्या मिरवणुकीतले एक म्हातारे गृहस्थ वाट काढत टेम्पोपाशी आले. "कोनी चाल शे, भाऊ?" त्यांनी विचारलं.

बन्सीआप्पांनी तोंड उघडलं. मगनभाईंनी उघडलं. हर्षदाही पुढे सरकली. पण म्हाताऱ्यांनी पेटीकडे पाहून विचारलं होतं, म्हणून सगळे आनंदाभाऊंकडे बघत राहिले.

आनंदाभाऊंनी छाती भरून श्वास घेतला. "चाल आमच्या सोसायटीची," ते मोठ्यानं म्हणाले. "शब्द हिचे." छायाताईंनी पदर सावरला. एवढ्यावर थांबावं असं आनंदाभाऊंनी खरोखर ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही.

"आणि अंतरा माझा!"

"अर्धो!" मागून मगनभाई ओरडले.

पण तोवर सुंदराबाईंनी पुढची ओळ घेतली होती, आणि पेटीला सूर द्यायचा होता.